सूर्यकांत : तिरका धरला की पेटणारा दगड

सूर्यकांत हे फेल्स्पार गटातले एक रत्न आहे. बाजारात ते 'सनस्टोन' या नावाने मिळते. रंग बहुधा मधासारखा, नारिंगी किंवा विटकरी, आणि पोटात चमचमणाऱ्या बारीक चकत्या. हा खडा चिमटीत धरून दिव्याखाली सरळ पाहिला, तर पुष्कळदा अगदी सामान्य वाटतो, थोडा मळकटसुद्धा. मग तो सावकाश तिरका करावा. एका ठरावीक कोनाशी येताच आतल्या शेकडो ठिणग्या एकाच वेळी पेटतात, आणखी थोडा फिरवला की एकाच वेळी विझतात. या रत्नाचे सारे मर्म त्या 'एकाच वेळी'मध्ये आहे. नुसती चमक काचेलाही आणता येते. चमकेची शिस्त मात्र स्फटिकाच्या आतल्या रचनेतून येते.

दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले की ही शिस्त डोळ्यांना दिसते. पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक खड्याच्या आत कागदाहून पातळ पत्रे पसरलेले असतात. काही षट्कोनी, काही लांबुडके, काही वेडेवाकडे फाटल्यासारखे. आकार कसाही असो, बहुतेक पत्रे एकाच पातळीला किंवा मोजक्या ठरावीक पातळ्यांना समांतर असतात. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना लाकडी झडपा असतात. त्यांच्या पट्ट्या जशा एकाच कलाने बसवलेल्या, तसेच हे. प्रकाश योग्य कोनातून आला की प्रत्येक पत्रा आरशासारखा तो परतवतो, आणि सगळे आरसे एकाच दिशेला तोंड करून असल्यामुळे सगळ्यांचा प्रकाश एकदमच डोळ्यांत शिरतो. कोन चुकला की आरशाच्या फक्त कडा दिसतात, म्हणजे जवळजवळ काहीच दिसत नाही. काही पत्रे इतके पातळ असतात की त्यांच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणाऱ्या किरणांची आपसात गाठ पडते आणि हिरव्या-निळ्या-जांभळ्या छटा उमटतात. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगात जे रंग दिसतात, त्यांचे कारण हेच.

हे पत्रे असतात कशाचे? बहुतेक सूर्यकांतांत ते हेमॅटाइटचे, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे असतात. तुळशीवृंदावनाला किंवा कुंडीला लावला जाणारा गेरू आपला तांबडा रंग याच खनिजाकडून घेतो. गेरूत ते भुकटीच्या रूपात असल्याने निस्तेज दिसते. सूर्यकांतात तेच स्फटिकरूप पातळ पापुद्रे होऊन बसते आणि लखलखते. ते आत कसे गेले, याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडते. साखरेचा घट्ट पाक गरम असताना बरीच साखर सामावून घेतो. निवू लागला की तेवढी साखर त्याला पेलत नाही आणि दाणे धरतात. तापलेल्या फेल्स्पारमध्येही थोडेसे लोह अणुरूपाने सामावलेले असते. स्फटिक अतिशय सावकाश थंड होत गेला, की ते लोह त्याला नकोसे होते आणि वेगळे पडते. पाकातले दाणे कसेही पडतात. स्फटिकात मात्र अणूंच्या रांगा आधीच लागलेल्या असतात, त्यामुळे वेगळ्या पडणाऱ्या लोहालाही त्या रांगांमधल्या सोयीच्या पातळ्यांवरच पसरावे लागते.

रत्नांच्या दुनियेत हा प्रकार थोडा उलटा आहे. हिरा, माणिक, पाचू घेताना आत काही आहे का, हे भिंग लावून शोधतात आणि सापडले की भाव पाडतात. सूर्यकांतात आत काही नसेल, तर तो नुसता फिकट पिवळा फेल्स्पार उरतो. इतरत्र ज्याला दोष म्हणतात, तोच इथे गुण ठरतो.

फेल्स्पार हे काही दुर्मीळ खनिज नव्हे. पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून अधिक भाग याच गटाच्या खनिजांनी बनलेला आहे. ग्रॅनाइटमधले गुलाबी-पांढरे दाणे फेल्स्पारचे. कपबशी, वॉशबेसिन आणि फरशीच्या चकाकीसाठी दळून वापरतात तोही फेल्स्पारच. या गटाच्या दोन मुख्य शाखा आहेत. एकीत पोटॅशियम असते. ऑर्थोक्लेज व मायक्रोक्लाइन तिच्यातले. दुसरीत सोडियम आणि कॅल्शियम कमीअधिक प्रमाणात असतात. तिला प्लॅजिओक्लेज म्हणतात, आणि ऑलिगोक्लेज, अँडेसीन, लॅब्रॅडोराइट ही त्या प्रमाणाच्या पायऱ्यांची नावे. सूर्यकांत या दोन्ही शाखांत सापडतो. म्हणून तो खरे तर एक खनिज नसून एक रूप आहे: फेल्स्पार कोणताही असो, आत पत्र्यांची झगमग असली की तो सूर्यकांत. चंद्रकांत, म्हणजे मूनस्टोन, हाही फेल्स्पारच. त्याच्यात पत्रे नसतात, दोन वेगवेगळ्या फेल्स्पारांचे अतिसूक्ष्म थर आलटून पालटून असतात आणि त्यांत विखुरलेला प्रकाश निळसर-दुधी आभा होऊन खड्यावर तरंगतो. भारतातल्या काही खड्यांत आभा आणि ठिणग्या दोन्ही एकत्र दिसतात. गंमत अशी, की आकाशातल्या चंद्राचा जो भाग उजळ दिसतो, तो मुख्यतः प्लॅजिओक्लेजचाच आहे. सूर्याच्या नावाच्या या खड्याचे जवळचे भाऊबंद चंद्रावर पसरलेले आहेत.

नावाचा प्रश्न मात्र जरा नीट सोडवावा लागतो, कारण 'सूर्यकांत' हे नाव या खड्यापेक्षा फार जुने आहे. संस्कृत साहित्यातला सूर्यकांत मणी सूर्यकिरण पडताच अग्नी ओकतो आणि चंद्रकांत मणी चांदण्यात पाझरतो. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात कालिदासाने तपस्व्यांना सूर्यकांताची उपमा दिली आहे: हाताला गार लागणारे, पण दुसऱ्याच्या तेजाने डिवचले की आतली आग बाहेर टाकणारे. चंद्रकांताचा पाझर ज्ञानेश्वरीच्या वाचकालाही ओळखीचा आहे. यास्काच्या निरुक्तात तर कवितेचा भागच नाही, सरळ कृती आहे. घासून स्वच्छ केलेले काशाचे भांडे किंवा मणी सूर्यासमोर धरावा, जवळ कोरडे शेण ठेवावे, मण्याचा स्पर्श होऊ देऊ नये. शेण पेट घेते. भांडे किरण परतवून एकवटते, मणी आरपार नेऊन. असे करू शकणारा मणी पारदर्शक आणि फुगीर घासलेला असला पाहिजे, म्हणजे तो स्फटिकाचा भिंगासारखा गोटा असणार. फेल्स्पारचा झगमगता खडा किरण एकवटू शकत नाही. त्याने काडीही पेटणार नाही. इंग्रजी नावाला देशी शब्द हवा होता, तेव्हा जुने नाव नव्या खड्याला बसले. त्यात वावगे काही नाही. पण 'आपल्या ग्रंथांतला सूर्यकांत मणी' असे सांगून कोणी सनस्टोन विकत असेल, तर दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत होते आहे हे ओळखावे.

युरोपातही अशीच गल्लत आहे. आइसलँडच्या मध्ययुगीन कथांत एका 'सूर्यदगडा'चा उल्लेख येतो. ढगाळ, बर्फाळ आकाशात सूर्य नेमका कुठे आहे हे त्यावरून राजा पडताळून पाहतो. व्हायकिंग दर्यावर्दी असा दगड वापरून दिशा शोधत असावेत, असा तर्क थॉरकिल्ड रॅम्स्को या डॅनिश पुरातत्त्वज्ञाने 1967 मध्ये मांडला. आकाशातून येणाऱ्या प्रकाशाच्या ध्रुवणावरून सूर्याची जागा ओळखता येते, आणि त्यासाठी कॅल्साइटचा नितळ स्फटिक किंवा कॉर्डिएराइट उपयोगी पडतो. 1592 मध्ये इंग्लिश खाडीतल्या ऑल्डर्नी बेटाजवळ बुडालेल्या एका जहाजाच्या अवशेषांत कॅल्साइटचा स्फटिक मिळाल्यावर या तर्काला पुन्हा उजाळा मिळाला. व्हायकिंगांनी तो खरोखर वापरला का, यावर वाद आहे. तो दगड फेल्स्पारचा सूर्यकांत नव्हता, एवढे मात्र नक्की.

फेल्स्पारचा सूर्यकांत अभ्यासकांना आधी ओळखीचा झाला तो नॉर्वे आणि रशियातून. दक्षिण नॉर्वेतल्या त्वेदेस्त्रांडचे विटकरी, दाट झगमगीचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. भारतात तमिळनाडू आणि ओडिशात तो सापडतो. इथला माल बहुधा ऑलिगोक्लेज जातीचा, हेमॅटाइटच्या पत्र्यांचा, नारिंगी-तपकिरी आणि अर्धपारदर्शक. जयपुरात त्याचे घुमटाकार खडे घडवले जातात, मणी ओवले जातात. किंमत आवाक्यातली असल्याने चांदीच्या दागिन्यांत तो भरपूर दिसतो. टांझानियातल्या काही खड्यांत जवळजवळ रंगहीन पारदर्शक अंगात मोठे, सुटे, रंगीत पत्रे असतात आणि लग्नातल्या कागदी चमकीची आठवण होते. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या हार्ट्‌स रेंजमध्ये 1985 च्या सुमारास मिळालेला प्रकार याहून विलक्षण आहे. त्या ऑर्थोक्लेजमध्ये हेमॅटाइटच्या ठिणग्या आहेतच, शिवाय मॅग्नेटाइटच्या अतिपातळ पट्ट्यांची त्रिकोणी जाळी आहे, आणि खडा हलवला की त्या जाळीवर इंद्रधनुष्य सरकते. भूमितीच्या वहीत आखल्यासारखी ती जाळी पाहून ती नैसर्गिक आहे यावर चटकन विश्वास बसत नाही.

पण रत्न म्हणून सूर्यकांताला खरी प्रतिष्ठा मिळाली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यामुळे. राज्याच्या आग्नेय भागात सेजब्रशच्या झुडपांचे कोरडे, उंच पठार आहे. तिथल्या लेक काउंटीत प्लश या छोट्या गावाच्या उत्तरेला आणि शेजारच्या हार्नी काउंटीत बेसाल्टच्या थरांतून लॅब्रॅडोराइटचे पारदर्शक स्फटिक निघतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी ते जमिनीखालच्या शिलारसात वाढले, लाव्हाबरोबर वर आले आणि बेसाल्ट झिजून कुजत गेला तसे मातीत मोकळे झाले. 1987 मध्ये ओरेगॉनने सूर्यकांताला राज्याचे रत्न म्हणून मान्यता दिली.

या खड्यांत लोहाच्या जागी तांबे आहे. तेही धातूरूपातले, घंगाळाचे असते तसलेच तांबे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या ॲन हॉफमाइस्टर आणि जॉर्ज रॉसमन यांनी 1985 मध्ये हे सविस्तर मांडले. स्फटिक थंड होताना त्यात सामावलेले तांबे वेगळे पडते, आणि ते किती मोठ्या कणांत गोळा होते यावर खड्याचे रूप ठरते. मोठे पत्रे झाले तर गुलाबी-ताम्र झळाळी दिसते. कण प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी लहान राहिले, तर ते वेगळे दिसत नाहीत. सगळा खडाच लालभडक होतो. तांब्याने रंगवलेली लाल काच अशाच कणांमुळे लाल दिसते. काही खडे हिरवे असतात, आणि त्यांची खोड अशी की एका दिशेने पाहिले तर हिरवे, खडा वळवून दुसऱ्या दिशेने पाहिले तर लालसर. काहींच्या मध्यभागी लाल आणि कडेला हिरवा रंग असतो. खाणवाले त्यांना कलिंगड म्हणतात, आणि काप पाहिल्यावर दुसरे नाव सुचत नाही. हे सारे रंग घडवायला लागणारे तांबे किती, तर दहा लाख भागांत शे-दोनशे भाग, अनेकदा त्याहून कमी. खाणीतून निघणाऱ्या मालात बहुसंख्य खडे फिकट पिवळे किंवा रंगहीन असतात. गडद लाल आणि निखळ हिरवे थोडे, आणि म्हणूनच त्यांचा भाव कैक पटींनी चढा.

बेसाल्ट आणि लॅब्रॅडोराइट हे शब्द वाचून मराठी वाचकाला सह्याद्री आठवणे साहजिक आहे. दख्खनचे पठार सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे, आणि त्या बेसाल्टातही हेच खनिज ठासून भरलेले आहे. कसारा-इगतपुरीच्या घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या काही कातळांत प्लॅजिओक्लेजचे पांढरट-हिरवट स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात; काळ्या दगडात कोणी शेवया पसरल्यासारख्या दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्या. भूवैज्ञानिक या थरांना 'विशाल प्लॅजिओक्लेज बेसाल्ट' म्हणतात आणि लाव्ह्याच्या थरांची मोजदाद करताना खुणेचे दगड म्हणून वापरतात. पण हे स्फटिक अपारदर्शक, तडकलेले. त्यांत ना नितळपणा ना तांब्याची झळाळी. रत्न होण्यासाठी खनिज असणे पुरत नाही. दख्खनच्या बेसाल्टाचे नाव जगात झाले ते दुसऱ्याच कारणाने: त्याच्या पोकळ्यांत वाढलेल्या ॲपोफिलाइट, स्टिल्बाइटसारख्या देखण्या खनिजांमुळे.

ओरेगॉनच्या लाल खड्याला भाव आला आणि त्यामागोमाग या रत्नाच्या इतिहासातले सर्वांत गाजलेले प्रकरण घडले. 2002 च्या सुमारास लाल अँडेसीन बाजारात येऊ लागले. आधी ते काँगोचे म्हणून विकले गेले, मग तिबेटचे. टीव्हीवरच्या विक्री-वाहिन्यांनी ते घरोघर पोचवले. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकच्या निमित्ताने त्याचा आणखी गाजावाजा झाला. माल इतका एकसारखा आणि इतका मुबलक, की जाणकारांना शंका येऊ लागली. चीनच्या इनर मंगोलियात फिकट पिवळे अँडेसीन ढिगांनी मिळते, हे ठाऊक होते. ते तांब्याच्या संयुगाबरोबर हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात बराच काळ ठेवले, की तांबे आत झिरपते आणि खडा लाल होतो. मग रत्नतज्ज्ञांची पथके तिबेटपर्यंत जाऊन आली. काहींना तिथे जमिनीत लाल खडे मिळाले. ते मुळातले की कोणी आणून पेरलेले, यावर तज्ज्ञांतच जुंपली.

खडा खरा की भाजलेला, हे शोधण्याची एक युक्ती फार सुंदर आहे. फेल्स्पारमध्ये पोटॅशियम असते आणि त्याचा थोडा भाग किरणोत्सारी असतो. लाखो वर्षांत त्याच्यापासून आर्गॉन वायू बनतो आणि स्फटिकातच अडकून राहतो. खडा भट्टीत घातला की हा साठलेला वायू निसटतो आणि उरलेल्या आर्गॉनची घडण साध्या हवेतल्या आर्गॉनसारखी होते. रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही तपासणी केली तेव्हा ओरेगॉनच्या खड्यांत जुना आर्गॉन शाबूत होता. तिबेटचे म्हणून आलेले लाल खडे मात्र भट्टीची साक्ष देत होते. ग्राहकाच्या दृष्टीने अडचण अशी, की ही परीक्षा प्रयोगशाळेतच होते. भिंगाने किंवा नुसत्या नजरेने भाजलेला खडा खात्रीने ओळखता येत नाही. महागडा लाल सूर्यकांत घेताना नामांकित प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागण्यात संकोच करू नये. अलीकडे इथिओपियाच्या अफार प्रदेशातूनही तांब्याचे खडे बाजारात येऊ लागल्याने, उगम कोणता हा प्रश्न आता आणखी महत्त्वाचा झाला आहे.

नेहमीच्या ग्राहकाची गाठ मात्र अँडेसीनपेक्षा दुसऱ्याच नकलेशी पडते. जत्रेत, देवस्थानांबाहेरच्या दुकानांत, ऑनलाइन बाजारात तपकिरी-सोनेरी, चांदण्यांनी खच्चून भरलेला एक 'दगड' मिळतो. त्याला कोणी सनस्टोन म्हणतात, कोणी संगसितारा, कोणी सनसितारा. ती काच आहे. तिचा जन्म व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचा, सतराव्या शतकातला. वितळलेल्या काचेत तांब्याची संयुगे घालायची, भट्टीत प्राणवायू कमी ठेवायचा आणि काच ठरावीक तापमानावर रेंगाळू द्यायची. मग तांबे धातूरूपाने वेगळे पडून तिच्यात चमकते स्फटिक धरतात. ही काच म्हणे कोणाच्या हातून तांब्याचा कीस चुकून पडल्याने झाली, म्हणून तिला इटालियन भाषेत योगायोग अशा अर्थाचे 'अव्हेंतुरिना' हे नाव पडले. गोष्ट रंगवलेली असू शकते, नाव मात्र टिकले. पुढे या काचेसारखा चमकणारा हिरवा क्वार्ट्‌झ 'अव्हेंच्युरीन' झाला आणि सूर्यकांताच्या झगमगीलाही शास्त्रीय भाषेत 'अव्हेंच्युरेसन्स' म्हणू लागले. असलाला नकलेवरून नाव मिळाल्याचे याहून ठसठशीत उदाहरण शोधून सापडायचे नाही.

काच आणि खडा वेगळे करायला महागडे यंत्र लागत नाही. वस्तू एका दिव्याखाली धरून सगळ्या बाजूंनी फिरवावी. काचेतले तांब्याचे कण कोणत्याही दिशेला तोंड करून पडलेले असतात, त्यामुळे कोणत्याही बाजूने ती सारखीच लुकलुकते. पेटणे नाही आणि विझणेही नाही. भिंगातून तिच्यात टोकदार त्रिकोण आणि षट्कोन दिसतात, सगळे जवळपास एकाच मापाचे, एकसारखे दाट पेरलेले. मधूनच हवेचा गोल बुडबुडाही सापडतो. खऱ्या सूर्यकांतात पत्र्यांचे माप आणि दाटी जागोजाग बदलते, एखादा कोपरा अगदी रिकामा असतो, एखादी तडक असते. निळ्या रंगाचा 'सनस्टोन' कोणी दाखवला, तर तपासण्याचीही गरज नाही. ती कोबाल्ट घातलेली काच. या काचेला नावे ठेवण्याचे कारण नाही. ती करायला कसब लागते आणि ती देखणी आहे. फक्त ती काचेच्या नावाने आणि काचेच्या भावाने विकली जावी.

खऱ्या खड्याची पारख करताना पाहायचे ते हे, की झळाळी कुठे उमटते. ते बरेचसे कारागिराच्या हातात असते. कच्चा दगड पाण्यात बुडवून किंवा ओला करून तो दिव्याखाली फिरवतो आणि पत्र्यांची पातळी हेरतो. घुमटाच्या आकाराचा खडा करायचा, तर तळ त्या पातळीला समांतर राखतो. मग अंगठी किंवा लोलक वरून पाहिला की ठिणग्या ऐन मध्यावर उठतात. वजन वाचवण्याच्या लोभाने दगड तिरका कापला, तर झळाळी एका बाजूच्या कडेला जाऊन बसते. बाजारातल्या स्वस्त मालात हा दोष सर्रास आढळतो आणि घेणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही. ओरेगॉनच्या नितळ लाल-हिरव्या खड्यांना पैलू पाडतात. तिथे रंगाची खोली आणि एकसारखेपणा पाहिला जातो, तांब्याची हलकी झळाळी असेल तर ती वरकमाई. पैलूदार खड्यात दाट पत्रे असले की तो धुरकट होतो. म्हणजे एका प्रकारात जे हवे तेच दुसऱ्यात नको, आणि दोन्हीकडे एकच मोजपट्टी लावणारा विक्रेता एक तर नवखा असतो किंवा धूर्त.

ज्योतिषाच्या व्यवहारात रवीचे रत्न माणिक, आणि ते न परवडणाऱ्यांना उपरत्न म्हणून सूर्यकांत सुचवला जातो. माणकाशी त्याचे रासायनिक नाते काहीच नाही. माणिक ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, काठिण्य 9. सूर्यकांत सिलिकेट, काठिण्य 6 ते 6.5. हा फरक अंगठी घालणाऱ्याला लवकरच जाणवतो. घरातल्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात आणि त्यांचे काठिण्य 7, त्यामुळे कोरड्या फडक्याने रोज पुसत राहिले तरी सूर्यकांतावर बारीक ओरखडे उठतात आणि वर्ष-दोन वर्षांत चकाकी मरते. शिवाय फेल्स्पार जवळजवळ काटकोनात असलेल्या दोन पातळ्यांवर सहज चिरफळतो. ओट्यावर नेमका धक्का बसला की कपचा उडतो. अंगठीपेक्षा कानातले, लोलक किंवा पिन हीच त्याची योग्य जागा. अंगठीच हवी असेल, तर खडा वर न काढता चहूबाजूंनी धातूची कड असलेल्या खोलगट कोंदणात बसवून घ्यावा.

धुण्यासाठी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. सराफाकडच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा वाफेखाली तो देऊ नये. दागिना दुरुस्तीला टाकताना डाग देण्यापूर्वी खडा काढून ठेवायला आधीच सांगावे. आणि नवा घेताना काउंटरवरच्या झगझगीत दिव्यांच्या रांगेखाली ठरवू नये, तिथे काचही सूर्यकांत वाटते. खडा दुकानाच्या दारात आणून उन्हात एकदा सावकाश तिरका करून पाहावा.